किलवर, बदाम आणि भातसेचं पाणी

खडवली स्टेशनबाहेर माझी ही जुनी इटालियन सायकल घेऊन उभं राहिलं की दोन प्रश्न ठरलेले. "केवढ्याला पडली?" आणि आकडा ऐकल्यावर, "तेवढ्यात नवी नसती आली?" दुसऱ्याचं उत्तर इतक्या वेळा देऊन झालंय, की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. आली असती नवी. तुम्हाला दूध घालायला, स्टेशन गाठायला, पोराला शाळेत सोडायला सायकल हवी असेल तर नवीच घ्या, नाहीतर घरात धूळ खात पडलेली हर्क्युलस बाहेर काढा. तुमच्यापुरता हा लेख इथे संपला.

बाकीच्यांसाठी पुढे लिहितो. वर्षाकाठी दोन-तीन जण तरी विचारत येतात. कुणाचा भाचा जर्मनीहून येताना खोक्यात जुनी इटालियन फ्रेम घेऊन आलेला असतो, कुणाला मोबाइलवर फोटो बघून मोह पडलेला असतो. प्रश्न सगळ्यांचा एकच, "घेऊ का?" माझं उत्तर असं, की चालवणार असाल तर घ्या. दिवाणखान्यात टांगायची असेल तर त्या पैशात एखादं चांगलं चित्र येईल, आणि त्याला गंज चढत नाही.

या सायकली मुळात आहेत काय, ते आधी समजून घ्या. १९५२च्या जानेवारीत मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात इटालियन दिग्दर्शक दे सिकाचा 'बायसिकल थीव्ज' दाखवला होता. चादरी गहाण टाकून सोडवून आणलेली सायकल चोरीला जाते, आणि बाप-लेक रोमभर ती शोधत हिंडतात. ती कामाची सायकल. त्याच सुमारास, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, मिलानच्या आसपासच्या गावांत काही तरुण मेकॅनिक शर्यतीच्या सायकली बांधायला बसले. एर्नेस्तो कोल्नागो, ऊगो दे रोझा. त्यांचे कारखाने म्हणजे आपल्याकडच्या सायकलच्या दुकानाचे थोरले भाऊ. नळ्या यायच्या कोलंबस कंपनीच्या, गिअर आणि ब्रेक विचेंझाच्या कंपान्योलोचे. हे कापायचे, घासायचे, पितळाने किंवा चांदीने झाळायचे. पुढे १९७२ साली मेक्सिकोत सायकलपटू एडी मर्क्सने एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले, ते कोल्नागोच्या सायकलीवर.

हे सांगायचं कारण असं, की ही सायकल हाताने बांधलेली आहे म्हणून ती हाताने दुरुस्त होते. वाकलेला चिमटा सरळ करता येतो, फुटलेली नळी बदलता येते. मागचं चाक बसत नसेल, म्हणजे जुन्या फ्रेमची जागा १२६ मिलिमीटर आणि नव्या चाकाचा हब १३०चा, तर जाणता माणूस ते चार मिलिमीटर हलक्या हाताने पसरवून देतो. कार्बनच्या फ्रेमला हे सांगून बघा.

आता खरेदी. दांड्यावरचं नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. स्टिकर कुणीही छापतं. कोल्नागोचं चिन्ह किलवर आणि दे रोझाचं बदाम, पत्ते खेळणाऱ्याला लक्षात ठेवायला सोपं. पण ते स्टिकरवर बघू नका. नळ्यांच्या जोडावर जी बाही असते, जिला लग म्हणतात, तिच्यात ते कोरलेलं आहे का बघा. कानशीने घासून पातळ केलेल्या कडा, स्वच्छ झाळ, कुठे पितळाचा ओघळ नाही, हे खोटं करणं अवघड. नंतर सीट काढा आणि सीटपोस्टवर कोरलेला आकडा वाचा. कोलंबसच्या 'एसएल' जातीच्या नळ्यांच्या फ्रेमला बहुधा २७.२ मिलिमीटरचा पोस्ट लागतो. ती नळी टोकाला ०.९ आणि मध्ये अवघी ०.६ मिलिमीटर जाड. पोस्ट २६च्या आसपास निघाला तर समजा की नळी जाड आहे, सायकल खालच्या श्रेणीची आहे आणि किंमतही तशीच हवी. विकणारा काहीही सांगो, हा आकडा खोटं बोलत नाही.

आणि पोस्ट निघतच नसेल तर? तर तिथूनच परत फिरा. माझी पहिली सायकल मी दुरून, फोटो बघून घेतली. "सीट तुमच्या मापाची आहे, हलवायची गरजच नाही," असं विकणारा म्हणाला तेव्हाच मला कळायला हवं होतं. स्टीलच्या नळीत अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय बसला की दोन्ही धातू एकमेकांना चावतात. शेवटी एका गॅरेजवाल्याने करवतीचं पातं हातात धरून पोस्टला आतून उभी चीर पाडली, तेव्हा तो सुटला. दोन दिवस गेले त्यात, आणि त्याने घेतलेले पैसे मला कमीच वाटले.

माप नावापेक्षा मोठं. साडेपाच फुटी माणसाला साधारण ५२ ते ५४ सेंटिमीटरची फ्रेम लागते. स्वस्त मिळाली म्हणून ६०ची घेतलीत तर दांड्यावरून उतरताना रोज तिला आणि मला शिव्या द्याल.

चाकांचं सांगतो. जुन्या रेसिंग सायकलींना पुष्कळदा ट्युब्युलर टायर असतात, म्हणजे ट्यूब आत शिवलेली आणि टायर रिमला गोंदाने चिकटवलेला. पंक्चर झालं तर शिवण उसवायची, ट्यूब काढायची, ठिगळ लावून पुन्हा शिवायची. वासिंदच्या रस्त्यावर भर दुपारी हे करून बघायची हौस असेल तर जरूर ठेवा. नाहीतर साधी ७०० मापाची चाकं बांधून घ्या. त्यांचे टायर आता कल्याण-ठाण्यात सहज मिळतात. फक्त दुकानात "अठ्ठावीस नंबर" मागू नका. तो आपल्या डबल बारच्या सायकलीचा टायर, त्याचा व्यास ६३५ मिलिमीटर. आपल्याला लागतो ६२२चा. १३ मिलिमीटरचा फरक ढकलून बसत नाही.

आता आटे. इथे सगळेच फसतात. पायडलचा आस ज्या डब्यात फिरतो त्याला दोन बाजूंनी दोन वाट्या असतात. आपल्याकडच्या सायकलींत इंग्रजी पद्धत, उजव्या वाटीला उलटे आटे. इटालियन सायकलीत दोन्हीकडे सुलटे. डबाही ६८ऐवजी ७० मिलिमीटर रुंद, आणि त्याच्या आट्यांचा व्यासही मोठा, त्यामुळे इंग्रजी मापाची वाटी बसतच नाही. माझ्या सायकलीची उजवी वाटी सोडवायला एका मेकॅनिकने हयातभराच्या सवयीने पाना घड्याळाच्या दिशेने फिरवला. सुटेना, म्हणून पान्याला पाइप लावला. तो सोडवत नव्हता, आवळत होता. वाटीच्या कडा गोल झाल्या आणि मी बाजूला चहा पीत उभा होतो. चूक माझी, आधी सांगायला हवं होतं. तेव्हा तुम्ही सांगा. एवढंच सांगा, बाकी शिकवायला जाऊ नका. चाकाचा आउट काढणं, छर्रे बदलून ओव्हरऑयलिंग करणं हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. इटलीहून सुटे भाग मागवता येतात, पण खडवलीत रविवारी सकाळी दुकान उघडून बसणारा माणूस मागवता येत नाही.

या सुलट्या आट्यांची आणखी एक खोड आहे. पायडल मारता मारता उजवी वाटी आपोआप सैल होत जाते. इंग्रजांनी उलटे आटे उगाच नव्हते केले. बसवतानाच ती चांगली आवळून घ्या आणि दर दोन महिन्यांनी पाना लावून बघा.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. पाणी.

या सायकली आपल्यासारखा पावसाळा नसलेल्या मुलखातल्या. आपण राहतो भातसा नदीच्या काठी, जिथे जूनपासून चार महिने भिंतींनाही ओल धरते. फ्रेम बाहेरून चकचकीत दिसते आणि आतून कुजते. सीटपोस्टच्या फटीतून, केबलच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि उतरत उतरत खालच्या डब्यात साठतं. ०.६ मिलिमीटरची नळी खायला गंजाला कितीसे पावसाळे लागणार? इटलीच्या जीनो बार्ताली या सायकलपटूने दुसऱ्या महायुद्धात ज्यू कुटुंबांना वाचवणारी बनावट कागदपत्रं फ्रेमच्या नळीत लपवून फ्लॉरेन्सहून असिसीला पोचवली. ती नळी कोरडी होती, एवढंच मी म्हणेन.

म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात एक दिवस काढा. सीटपोस्ट काढा, हँडल काढा, दोन्ही वाट्या काढा. फ्रेम उलटसुलट करून नळ्या रिकाम्या करा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. मग रंगाच्या दुकानातून जवसाचं 'डबल बॉइल' तेल आणा, सुतार लाकडाला लावतात तेच. प्रत्येक नळीत थोडं ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं गाळून घ्या आणि आठवडाभर सुकू द्या. आत पातळ साय धरते, गंजाला जागा उरत नाही. एक गोष्ट मात्र विसरू नका. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळ्यातली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

डब्याच्या तळाला बारीक भोक असेल तर ते मोकळं ठेवा. नसेल तर जाणत्याकडून पाडून घेणारेही आहेत, मी घेतलं नाही. आपल्याकडे त्या भोकाचा शत्रू वेगळाच आहे, कुंभारीण माशी. श्रावणात सायकल आठ दिवस उभी राहिली की ती प्रत्येक भोकात मातीचं घर बांधते, आणि आत शिरलेलं पाणी आतच अडकतं. मी महिन्याला एकदा तार घालून बघतो.

रंगाची घाई करू नका. पावडर कोटिंगवाल्याकडे दिलीत तर फ्रेम नवी होऊन येईल, पण कोलंबसचा छोटा बिल्ला, बांधणाऱ्याने मारलेली नक्षी, सगळं जाईल. ओरखडा गेलेल्या जागेवर नेलपॉलिश पुरतं. बियांकी सायकलींचा तो विशिष्ट फिकट निळसर-हिरवा रंग जुळवायला मी कल्याणच्या एका बांगड्यांच्या दुकानात सायकल घेऊनच शिरलो होतो. चार बायका आणि दुकानदार मिळून छटा ठरली. क्रोमवरचा वरवरचा गंज अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून चोळली की जातो. आतला मात्र जात नाही.

स्टील वाकून इशारा देतं, अ‍ॅल्युमिनियम देत नाही. म्हणून जुन्या कंपान्योलोचे क्रँक घासूनपुसून, भिंग घेऊन बघा. दांडा आणि चांदणी जिथे मिळतात त्या कोनात केसासारखी चीर पडते. तिथे नख अडकलं तर तो क्रँक कपाटात ठेवा, सायकलीला लावू नका. हँडलही स्टेमच्या चिमटीपाशी असंच मोडतं. ब्रेकचे चाळीस वर्षांचे गुटके कितीही 'ओरिजिनल' असले तरी काढून टाका, ते दगड झालेले असतात. केबल नव्या घाला. जुनेपणाचा मान ठेवायचा तो फ्रेमला, ब्रेकला नाही.

चालवायची कुठे? सकाळी सूर्य वर यायच्या आत पडघ्याकडे जाणारा रस्ता धरा. भातशेती, थोडा चढ, थोडा उतार. रविवारी नऊनंतर नदीवर सहलीची माणसं येतात, रिक्षा आणि गाड्यांची रीघ लागते, तोवर घरी परतलेलं बरं. दम वाढला की वासिंद, आसनगाव, बाजूला माहुलीचे सुळके बघत. कसारा घाटाचं मला कुणी विचारलं की मी आधी गिअर मोजायला सांगतो. पुढे ४२ दात, मागे सगळ्यात मोठं चक्र २४ किंवा २६चं. त्यावर चढताना तिशीतले गुडघेही बोलायला लागतात. उतारावर मागे ट्रक असतो आणि ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो. पावसात तर नाहीच.

टस्कनीतल्या गायोले गावात १९९७ साली ९२ जणांनी जुन्या सायकली घेऊन मातीच्या रस्त्यांवरून एक फेरी काढली. आज त्या 'लेरोइका'ला जगभरातून लोक जातात. नियम साधा, सायकल १९८७च्या आधीची, गिअरचे दांडे खालच्या तिरप्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या. मातीच्या रस्त्यांची आपल्याकडेही वानवा नाही, आणि जुन्या सायकलींचीही नाही. आपल्याकडच्या जुन्या सायकली पाहायच्या असतील तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथे जाऊन आलात तर माळ्यावरची आजोबांची सायकल भंगारात द्यायला हात धजणार नाही. तिलाही हेच तेल लावा, तिलाही ओल तशीच लागते.

आणि फ्रेम आणायची ठरलीच असेल, तर ती घरी आल्यावर फोटो काढायच्या आधी अंगणात नेऊन उलटी करा. माझ्या पहिलीतून कपभर लालसर पाणी निघालं, आणि पाठोपाठ कुंभारणीच्या घराचं ढेकूळ.