जुन्या एसयूव्हीच्या चाचणीचा निकाल खरेदीदाराच्या हाती द्यावा

प्रति,
मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी,
उपप्रादेशिक परिवहन कार्यालय, वर्धा.

विषय : जुन्या एसयूव्ही वाहनांच्या योग्यता तपासणीचे सविस्तर निकाल खुले करणे, विक्रीपूर्व तपासणीची सोय करणे व जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांवरील नियमांची अंमलबजावणी करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे वर्धा जिल्ह्यातील शेतकरी, चालक, गॅरेजवाले आणि जुन्या गाड्यांचे खरेदीदार आहोत. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो या गाड्या आमच्याकडे हौसेपेक्षा गरजेपोटी घेतल्या जातात. आष्टी-कारंजाकडचा पेशंट सेवाग्राम किंवा सावंगीला न्यायचा, आर्वीहून नागपूर गाठायचे, खताची पोती आणायची, लग्नाला माणसे न्यायची, ही सगळी कामे एकाच गाडीवर निघतात. नवी गाडी आवाक्याबाहेर असते. म्हणून कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की सेकंडहँड गाडी बघायला सुरुवात होते.

ही गाडी घेताना खरेदीदाराजवळ काय असते? आरसी, विमा, पीयूसी आणि विक्रेत्याचा शब्द. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते. म्हणजे २०१२ साली नोंदलेल्या पांढऱ्या पाटीच्या एसयूव्हीचे ब्रेक आणि स्टीअरिंग २०२७ पर्यंत सरकारी तपासणीला येतच नाहीत. मधल्या काळात राज्यातल्या राज्यात तिचे तीन मालक बदलले, तरी नमुना २९ व ३० भरून काम होते. पीयूसी फक्त धूर मोजते. टायरॉड एंड झिजला आहे की नाही, मागचा पाटा तुटून वेल्ड केला आहे की काय, हे त्या कागदावरून कळत नाही.

व्यावसायिक वाहनांची स्थिती थोडी बरी आहे. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी त्यांना फिटनेस घ्यावे लागते. पण परवाना सोडून तीच गाडी खासगी करून विकली की तिचा आधीचा तपासणी इतिहास खरेदीदाराच्या नजरेआड जातो. दिल्लीचा प्रश्न याला जोडूनच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली. तेव्हापासून तिथल्या एसयूव्ही ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांच्या बाजारात उतरू लागल्या. बाहेरून चकचकीत आणि स्वस्त असलेल्या अशा गाडीचे रनिंग खरे किती, हे विचारायचे कुणाला?

आमच्या मते दोष चाचणीत कमी आणि निकाल झाकून ठेवण्यात जास्त आहे. २३ सप्टेंबर २०२१ च्या अधिसूचनेने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आले. त्यात ब्रेक, हेडलाइट, साइड स्लिप, सस्पेन्शन, जोडांमधला प्ले आणि धूर यांची मोजणी यंत्राने होऊन नोंद संगणकात जाते. एवढी माहिती जमा होऊनही गाडी बघायला आलेल्या माणसाला सरकारी वाहन-माहिती ॲपवर दिसते ती केवळ मुदतीची तारीख. डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकमध्ये किती फरक होता, पहिल्या वेळी गाडी कशामुळे नापास झाली, हे त्याला समजत नाही.

पास झालेली गाडी टिकाऊ असतेच, असा आमचा समज नाही. क्लच, गिअरबॉक्स किंवा टर्बो आणखी किती दिवस चालेल, हे चाचणी सांगत नाही. ती त्या दिवशीची सुरक्षितता सांगते. मात्र एकाच गाडीचे चार निकाल शेजारी ठेवले, तर निगा राखली गेली की नाही हे उघड होते. एकाच मॉडेलच्या शेकडो गाड्यांचे निकाल एकत्र केले, तर कोणत्या वयात कोणता भाग दगा देतो हेही कळते. ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर टाकला की जुन्या चाचण्या, नापासीची कारणे आणि प्रत्येक वेळी नोंदलेले किलोमीटर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. जर्मनीत टीयूव्ही या तपासणी संस्थांच्या निकालांवरून मॉडेल आणि वयानुसार दोषांचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतो. आपल्या कार्यालयात येणाऱ्या गाड्यांवरूनही हे काम जिल्ह्यापुरते सुरू करता येईल.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. वैशाखात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा उन्हात जुने टायर आणि ढिले स्टीअरिंग घेऊन येळाकेळीहून त्या रस्त्यावर चढणारी गाडी आतल्या माणसांइतकीच इतरांच्याही जिवावर बेतू शकते. राज्यातील फिटनेस तपासणीतली हलगर्जी श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयापुढे आली होती. ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक हवा, हा आग्रह त्यातूनच पुढे आला.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. नोंदणी नूतनीकरणासाठी किंवा फिटनेससाठी आलेल्या प्रत्येक गाडीचा निकाल, पास असो वा नापास, मोजमापांसह मराठीत छापून द्यावा. नापासीचे कारण 'दोष आढळला' असे मोघम न लिहिता भागाचे नाव घालून लिहावे.

२. गाडी खरेदी करण्यापूर्वी मालकाच्या संमतीने ऐच्छिक तपासणी करून घेण्याची सोय वर्धा कार्यालयात व तालुक्यांच्या शिबिरांत, वाजवी शुल्क आकारून, करावी. ब्रेक, स्टीअरिंग, हेडलाइट, टायर आणि चेसिस क्रमांक एवढे तपासले तरी पुरे. यासाठी परिवहन आयुक्तांची मान्यता लागत असल्यास तसा प्रस्ताव पाठवावा.

३. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र बंधनकारक आहे आणि ताब्यातली गाडी कुठे, किती फिरली याची नोंद ठेवणेही बंधनकारक आहे. जिल्ह्यातील अधिकृत विक्रेत्यांची यादी कार्यालयात लावावी. अधिकारपत्र नसताना गाड्या विकणाऱ्यांवर कारवाई करावी.

४. हस्तांतरण, फिटनेस आणि नूतनीकरण या प्रत्येक वेळी ओडोमीटरचे किलोमीटर नोंदवावेत व ते खरेदीदाराला पाहता यावेत. मीटर मागे फिरवण्याला आळा घालण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

५. व्यावसायिकची खासगी झालेली किंवा परराज्यातून आलेली गाडी विकताना तसा स्पष्ट उल्लेख आणि आधीचे फिटनेस निकाल खरेदीदाराला मिळावेत.

६. हस्तांतरणाची प्रकरणे वेळेत निकाली काढावीत. आरसीवर ज्याचे नाव आहे तोच भरपाईला जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. फाइल अडकली की गाडी विकून मोकळा झालेला माणूसही टांगणीला लागतो.

७. दरवर्षी मॉडेल, वय आणि नापासीचे कारण यांचा जिल्हास्तरीय तक्ता प्रसिद्ध करावा. त्यात मालकांची नावे किंवा गाड्यांचे क्रमांक नसावेत.

यांपैकी मागणी क्र. १, ३ व ६ आपल्या कार्यालयाच्या अधिकारात आहेत, असे आम्हांस वाटते. उर्वरित मागण्या आपल्या शिफारशीसह वरिष्ठांकडे पाठवाव्यात. पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या नूतनीकरणासाठी १ एप्रिल २०२२ पासून आम्ही ६०० ऐवजी ५,००० रुपये भरत आहोत. एवढ्या शुल्काच्या बदल्यात शिक्क्यासोबत तपासणीचा तपशीलही मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

या निवेदनावर केलेली कार्यवाही ३० दिवसांत लेखी कळवावी आणि चर्चेसाठी आमच्या प्रतिनिधींना वेळ द्यावा, ही विनंती.

आपले विनीत,
वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी व कारंजा (घाडगे) तालुक्यांतील वाहनधारक, चालक व गॅरेज व्यावसायिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी :
१. मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
२. मा. जिल्हाधिकारी, वर्धा