पौंडात शिकायचं, रियालात कमवायचं

कोजागरीला दूध आटत असताना आम्हा बापमंडळींत विषय निघाला तो पोरांच्या विलायतेतल्या शिक्षणाचाच. "पहिल्या वर्षाची फी तयार आहे, पुढचं बघू," असं एक गृहस्थ म्हणाले. हे 'पुढचं बघू' मला पटत नाही. माझी मुलगी लीड्सला दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून अनुभवाने लिहितो.

आपला रियाल डॉलरला बांधलेला, ३.६४ ला एक. पौंड मात्र मोकळा. सप्टेंबर २०२२ मध्ये तो चार रियालांच्या खाली आला होता, जुलै २०२५ च्या सुरुवातीला पाचापर्यंत चढला. म्हणजे वीस हजार पौंडांच्या फीमागे वीस हजार रियालांचा फरक, विद्यापीठाने एक पौंडही न वाढवता! मी आता दर पगाराला थोडे थोडे पौंड घेऊन ठेवतो. भाव पडायची वाट बघत बसायला आपण काही सराफ नाही.

आरोग्य अधिभार वेगळाच. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, आणि तो व्हिसाच्या सगळ्या मुदतीचा अर्जाबरोबरच भरायचा. एवढे पैसे मोजलेत, तर पोहोचल्याबरोबर मुलांना जीपीकडे नाव नोंदवायला लावा. आमच्या कन्येने "मला कुठे काय झालंय!" म्हणत नोव्हेंबर उजाडू दिला आणि तापाने फणफणली. तिकडे रात्रीचे दोन, इथे पहाटेचे पाच. फोनवर काढा कसा करायचा ते सांगत हिचा आवाज कापत होता. मेंदूज्वराची लसही विद्यापीठात नव्याने जाणाऱ्या पंचविशीच्या आतल्या मुलांना तिथे मोफत मिळते. तीही आम्हाला उशिराच कळली.

पण खरी धास्ती नोकरीची. आपण इथे परवान्यावर राहणारे. मुलगा दुसऱ्या वर्षाला आणि कंपनीने नारळ दिला, तर? २०२० मध्ये माझ्या शेजाऱ्यांचं हेच झालं. ग्रॅच्युइटी मोजली जाते मूळ पगारावर, कायद्याने वर्षामागे किमान तीन आठवड्यांची. तिच्यात एका वर्षाची फीही बसली नाही. मुलाला परत यावं लागलं. म्हणून माझं मत असं, की उरलेल्या सर्व वर्षांची फी बाजूला नसेल तर मुलाला धाडू नये. गावची जमीन विकून तर मुळीच नाही.

ॲबर्डीन विद्यापीठाची पदवी २०१७ पासून दोह्यातल्या एएफजी कॉलेजात शिकवू लागले. "तिथे शिकलं तर लोक काय म्हणतील?" असं विचारणारे आपल्यातही आहेत. धाकट्याला अकाउंटिंगच करायचंय. त्याने तिथलं माहितीपत्रक आणून टेबलावर ठेवलंय, आणि हिने त्यावर चहाचा कप ठेवून गोल डाग पाडलाय.