वार्धक्य आणि नवी सुई

वरळीच्या एका भगिनी विचारतात, “मामंजींना तरतरी यावी म्हणून पेप्टाइडची सुई टोचवावी काय?”

आपल्या बहुतेक पेशींत मायटोकाँड्रिया नांवाच्या सूक्ष्म चुली असतात. अन्नापासून शक्ति तेथें निर्माण होते. उतारवयांत त्या मंदावतात. पेप्टाइडें हे प्रथिनांच्याच जातीचे आखूड रेणू. कांहीं थेट या चुलींपर्यंत पोंचतात. त्यांपैकीं एलामिप्रेटाइडला अमेरिकेंत २०२५ सालीं सशर्त परवानगी मिळाली. परंतु ती बार्थ नामक दुर्मिळ आनुवंशिक विकारापुरती. त्यानें वार्धक्य लांबतें, असें सिद्ध झालेलें नाहीं. व्यायामानें मात्र स्नायूंतील या चुलींचें बळ वाढतें, हें हॉलोझी यांनीं १९६७ सालींच उंदरांवर दाखविलें.

यास्तव प्रथम मामंजींना डॉक्टरांकडे न्यावें; थकव्याचें मूळ पंडुरोगांत किंवा मधुमेहांतहि असूं शकेल. मग डॉक्टरांच्या अनुमतीनें त्यांनीं रोज समुद्रकांठीं चालावें, व सोबतीस नातवास धाडावें.