आकडी थांबली म्हणून गोळी थांबवू नका
करमाळ्याहून सोलापूर १०० किलोमीटरच्या पुढं. लेकराच्या आकडीसाठी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली, वर एसटीचं भाडं. म्हणून दोन-चार महिने आकडी आली नाही की घरचे गोळी बंद करतात. घोळ इथंच होतो. शेवटच्या आकडीनंतरही साधारण दोन वर्षं गोळी चालू ठेवावी लागते. बंद करायची तीही डॉक्टरच्या सल्ल्यानं, हळूहळू. जागतिक आरोग्य संघटना सांगते, नीट उपचार झाले तर १०० पैकी ७० रुग्णांची आकडी थांबू शकते. कांदा-चप्पल हुंगवून नव्हे. लेकराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा.

अंगणवाडी-शाळेत येणारं बाल स्वास्थ्य पथक मोफत तपासून पुढं पाठवतं, हे चांगलंच. पण दर महिन्याची गोळी जवळच्या आरोग्य केंद्रात मिळणार की त्यासाठी पुन्हा सोलापूरच गाठायचं, यावर सगळं अडतं.