पेटीतला गरारा

निकाहात दादी-नानीचा जुना गरारा घालण्याची हौस हल्ली वाढली आहे. हौसेला हरकत नाही. पण ‘खानदानाची रीत’ म्हणून नवरीवर सक्ती होते, ती मला पटत नाही.

आमच्या सालेकसा भागात बरीच लग्नं मे महिन्यात होतात. त्या उन्हात अस्तराचं जड रेशीम घामाने अंगाला चिकटतं, जरीकाम मानेला टोचतं. चांदीची जर काळी पडलेली असते आणि जुनं रेशीम घडीवरच फाटतं. अवधच्या नवाबी घराण्यांत जमिनीवर लोळणारा फर्शी पायजामा होता. पण तो सावरायला तिथे दासी होत्या.

इथल्या भात रोवणाऱ्या बाया नऊवारी लुगडं कासोटा घालून नेसत, कारण चिखलात पाय मोकळे हवेत. तरी आठ मीटरचं ते कापड भिजलं की ओझंच होई. पुढच्या पिढीने पाचवारी, सलवार-कमीज स्वीकारली ती सोयीसाठीच.

नवऱ्याला कुणी आजोबांची विरलेली शेरवानी घालायला लावत नाही. मग ओझं तिच्याच अंगावर का? हया कपड्याच्या वजनात नसते. आठवण जपायला एक ओढणीही पुरते. आधी नवरीला विचारा, मग पेटी उघडा.