शिळेची जात आणि विहिरीची बांधणी

मैलापुरात कपालीश्वराच्या आसपास नांदणाऱ्या ज्या मराठी घराण्यांची मुळे तंजावरच्या भोसल्यांच्या अमदानीत रुजली, त्यांना कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तेलाचा प्रश्न परका वाटू नये. कारण ज्या मुलखाचा कारभार एके काळी मोडी दप्तरांतून चालला, त्याच मुलखात आज ओएनजीसीच्या विहिरी उतरल्या आहेत. भूगर्भात तेल किती, हे सर्वच विचारतात. ते कोणत्या शिळेत आहे आणि विहीर कोणत्या रीतीने पुरी केली जाते, हे मात्र क्वचितच विचारले जाते, आणि माझ्या मते सारा निवाडा तेथेच आहे.

गोंडवनभूमी दुभंगू लागली तेव्हा येथील भूमीचे काही पट्टे खोल खचले व काही उंच राहिले. खोल पट्ट्यांत साचलेल्या आंडिमडम शेलमध्ये, म्हणजे पातळ थरांच्या मातकट शिळेत, तेल निर्माण झाले आणि त्यातील काही अंश शेजारच्या अतिप्राचीन स्फटिकमय पाषाणाच्या भेगांत जाऊन स्थिरावला. माधानम् येथे सापडलेले तेल या भेगाळ पाषाणातील आहे. हा पाषाण स्वतः जवळजवळ नीरंध्र असल्यामुळे विहीर भेगांना छेदून गेली तरच तेल वाहते. शेलची प्रकृती निराळी: तेथे तेल जन्मस्थानीच कोंडलेले असते, म्हणून विहीर खोलवर नेऊन आडवी वळवावी लागते, पोलादी नळीभोवती सिमेंट भरावे लागते आणि टप्प्याटप्प्याने छिद्रे पाडून प्रचंड दाबाने पाणी व वाळू आत घालावी लागते. शिळा गारेच्या अंशाने ठिसूळ असेल तर भेगांचे जाळे पसरते. चिकणमाती अधिक असेल तर वाळूचे कण तीत रुततात आणि भेगा मिटतात. टेक्ससच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीला योग्य रीत साधेपर्यंत १९९० चे दशक सरत आले.

आणि उत्तम साधलेल्या शेलविहिरीचे उत्पादनही बहुधा पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येते. ते टिकवायचे तर नवी विहीर, नवे पाणी, नवी जमीन, असा क्रम अखंड चालवावा लागतो. भाताच्या या दाट वस्तीच्या प्रदेशाला तो सोसणारा नाही. म्हणून केंद्राने २०१८ साली जुन्या करारांच्या क्षेत्रांतही अपारंपरिक तेलाच्या शोधास मुभा दिल्यानंतर, तामिळनाडूने २०२० साली संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा करून नव्या विहिरींना मनाई केली, हे मला सर्वथा उचित वाटते.

परंतु त्याच कायद्याने पूर्वीच्या विहिरी चालू ठेवल्या आहेत, आणि त्या गोड्या पाण्याच्या थरांना भेदूनच खाली गेलेल्या आहेत. २०१७ साली कदिरामंगलम् येथे वाहिनीतून तेल शेतात सांडले, तेव्हापासून रयतेचा विश्वास डळमळला आहे. या प्रत्येक विहिरीच्या सिमेंटबंदीची तपासणीपत्रे तालुका कचेरीत, तमिळ भाषेत, कोणत्याही कुळास विनामूल्य पाहता येतील अशी ठेवण्याचा हुकूम राज्य सरकारने विनाविलंब काढावा.