आधी मोजा, मग हुकूम काढा!

शेतकरी आणि रापणकार बंधूंनो,

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला. लाखो लोक शहर सोडून पळाले. १९९५ साली एस. आर. राव आयुक्त झाले. त्यांनी साहेबांना थंडगार खोल्यांतून बाहेर काढून रोज गटारे-उकिरडे पाहायला लावले, रोग्यांची मोजदाद ठेवली. १९९६ साली तीच सुरत देशातले दुसरे स्वच्छ शहर ठरली!

आपल्याकडे उलटा कारभार. खाजणात खारे पाणी किती शिरले, रापणीला मासळी किती लागली, हे न मोजताच हुकूम सुटतात. आकड्याचा मान आम्हांला कुणी शिकवू नये. १९६७ च्या कौलात विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. तो कडू आकडा आपण गिळला. मग आपले आकडे सरकारने का मानू नयेत? ग्रामसभेत उठा, विचारा : कुणी मोजले? कधी? दाखवा!